बोला, ठाणे!

आईचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झालं. गुरुजी, पिंड, खीर-वडे, कावळ्याची वाट बघणं, सगळं दादाच्या मनासारखं यथासांग पार पडलं. दादा नाशिकहून आला होता आणि त्याची सुट्टी अजून शिल्लक होती. माझी लेक त्याला म्हणाली, "मामा, हे तुझ्या पद्धतीचं झालं. आता आजीच्या पद्धतीचं करू." आजीची पद्धत म्हणजे सकाळी स्वयंपाक उरकून घराबाहेर पडायचं, मिळेल त्या गाडीनं जायचं आणि दिवेलागणीला परत. कुठं जायचं याचाही प्रश्न नव्हता, कारण आईची निळी वही नातीकडेच आहे. तिच्यात हिशेब नाहीत की अभंग नाहीत. गाड्यांच्या आणि लाँचच्या वेळा, आणि पुढं एकेका ओळीचा शेरा. "जुईनगर. काही नाही, पण स्टेशन ऐसपैस." "रबाळे. चहा पांचट."

आई ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलचा काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला फोन लावून कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, आणि खिशाला परवडत असेल तर लाइटनिंग. मग सगळं घर फोनभोवती ताटकळत बसायचं. कधी तासानं, कधी चार तासांनी घंटी वाजायची आणि पलीकडून बाईचा आवाज यायचा, "बोला, लाइन जोडलीय." कानाला हेडसेट लावून, बोर्डावरच्या भोकांत कॉर्ड खुपसत हे जमवणारी ती बाई म्हणजे आमची आई. तीन मिनिटं झाली की तीच मध्ये येऊन विचारायची, वाढवायचंय का. ही सवय घरीही सुटली नाही. कुणी एकच तक्रार उगाळत बसलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली!" घरात मात्र वाढवून मिळायची नाहीत.

या बायका एकमेकींना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "हॅलो पनवेल, ठाणे बोलतेय." "बोला, ठाणे." आई कितीतरी वर्षं ठाणे होती. पुढं एसटीडी, म्हणजे परगावी थेट नंबर फिरवायची सोय आली, बोर्ड गेले, १९८६ साली महानगर टेलिफोन निगम झालं आणि आई काउंटरवर आली. २००५ मध्ये ती निवृत्त झाली. त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात ठाणे-वाशी लोकल सुरू झाली होती. आईच्या मते ही रेल्वेनं तिला आगाऊ पाठवलेली भेट होती. इतकी वर्षं जी गावं नुसती कानांनी ओळखीची होती, ती आता डोळ्यांनी बघायची होती तिला.

नातेवाइकांत आईचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "नवऱ्यानं किती मोकळीक दिली हो त्यांना!" याचा मला भयंकर राग येतो. बाबा चांगले होते, पण त्यांनी मोकळीक वगैरे काही दिली नव्हती. मागितलीच नव्हती तर देणार काय? दोन वेळचा स्वयंपाक झाकून ठेवलेला, बाबांच्या गोळ्या वाटीत काढलेल्या, दुधाचे पैसे फडताळात, आणि बाबा आंघोळीला गेले की आई चप्पल घालून जिना उतरलेली. तिला सगळे बिनधास्त म्हणायचे. मी पाहिलेली आई अजिबात बिनधास्त नव्हती. शेवटची गाडी किती वाजता, तिच्या आधीची कुठली, स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते की नाही, हे आदल्या रात्री पाहून ठेवल्याशिवाय ती झोपायची नाही.

पहिला दिवस: ठाणं

दादा म्हणाला, ठाण्यात काय बघायचं? जन्म गेला इथं. पण वहीत पहिलं पान ठाण्याचंच होतं, म्हणून नौपाड्यातून चालत निघालो. गोखले रोडवरून चालणं म्हणजे आता कसरतच. फुटपाथ दुकानांचा, रस्ता रिक्षांचा, उरलं ते आपलं.

जांभळी नाक्यावर फुलं घेतली आणि कौपिनेश्वराला गेलो. ती भलीमोठी पिंड लहानपणी मला घाबरवायची. आईचा इथला नियम ठरलेला: देवाला तीन मिनिटं, तळ्याला अर्धा तास. हात जोडले की ती समोर तलावपाळीच्या कठड्यावर येऊन बसायची. आम्हीही बसलो. दादाला इथं एक जुनी गोष्ट आठवली. सत्तरच्या दशकात आईची पाळी रात्री साडेनऊला सुटायची. एकदा शेजारच्या काकांनी तिला तळ्याकाठी एकटीच भेळ खाताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी थेट आजीच्या, म्हणजे आईच्या सासूच्या, कानावर घातलं. सून रात्री दहा वाजता तळ्याकाठी भेळ खाते! घरात तणाव. आई एक शब्द बोलली नाही. त्या रात्री येताना भेळेच्या दोन पुड्या घेऊन आली, एक आजीसाठी. कांद्याशिवाय, चिंच जास्त. आजीनं ती पदराआड बसून संपवली आणि पुढं काकांनी पुन्हा विषय काढला तेव्हा त्यांनाच सुनावलं, "दमून येते हो ती."

दुपारी मामलेदार मिसळ. आईनं इथं कधी 'कमी तिखट' मागितलं नाही आणि खाताना पाण्याला हात लावला नाही. लेकीनंही तसंच केलं. दादानं ताक मागवलं, मग आणखी एक ताक. मी काय केलं ते सांगत नाही.

मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आलो. १८९३ सालची संस्था, आई शेवटपर्यंत सभासद. मग स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, सुमारे चारशे माणसं. आईचं यावर म्हणणं असं, की पहिली गाडी आपल्या दारात आली, आणि आपल्या बायका अजून विचारतायत, जाऊ का?

दुसरा दिवस: ऐरोली

ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडं जाणाऱ्या लोकलच्या फलाटावर सकाळी उभं राहिलं की नोकरदार पोरापोरींचा लोंढा बघावा. गळ्यात ओळखपत्रं, कानात बोंडं. माझी लेकही रोज याच गाडीनं महापेला जाते. आई या गर्दीच्या उलट वेळी निघायची, साडेदहानंतर. "गाडी रिकामी असली की ती आपली असते," हे तिचंच.

खाडी ओलांडून दिघा, मग ऐरोली. स्टेशनवरून रिक्षानं किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी विचारून जावं लागतं. दादाला ही गोष्ट पटेना. "तिकीट काढलंय ना आपण?" तिकीट काढलं म्हणून खाडीला पाणी येत नाही, असं त्याला तिथल्या माणसानं शांतपणे समजावलं.

बोट निघाली तशी दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत सुरू झाली. चिखलातून वर आलेली त्यांची श्वास घेणारी मुळं, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. वास उग्र होता, पण पाच मिनिटांत नाक सरावलं. आणि मग वळणापुढं ते दिसले. आधी वाटलं चिखलावर कुणीतरी गुलाबी कापड वाळत घातलंय. बोटवाल्यानं इंजिन बारीक केलं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! हजारोंनी. माना खाली, चोची उलट्या करून पाण्यात. त्या उलट्या चोचीनं ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खातात. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळंच त्यांना हा गुलाबी रंग येतो. आकारानं लहान आणि चोच गडद ते छोटे रोहित. उंच, फिकट, चोचीचं फक्त टोक काळं, ते मोठे रोहित. एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला आणि बोटीतल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज आला.

२०१५ साली ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. पण लेकीनं हे पक्षी त्याच्याही आधी पाहिले होते, आणि ही गोष्ट मला त्या बोटीत, ती तेवीस वर्षांची झाल्यावर कळली. सातवीत असताना एका दुपारी आजी शाळेत गेली, पोरीच्या पोटात दुखतंय असं बाईंना सांगितलं, आणि दोघी सीवूड्सला उतरून टीएस चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या मागं, करावेच्या बाजूला पाणथळीवर जाऊन बसल्या. डबा शाळेचाच खाल्ला. चिठ्ठीवर सही आजीनं केली होती. माझी.

"माझी सही? आईनं?"

"हुबेहूब, मम्मी. तुझ्यापेक्षा चांगली."

दादा इतका हसला की बोटवाल्यानं त्याला गप्प बसायची खूण केली.

तिसरा दिवस: दिवाळे आणि उरण

हा दिवस मोठा होता. ठाण्याहून पनवेल गाडी, बेलापूरला उतरलो. वहीत नुसतं लिहिलं होतं, "दिवाळे. बाजार. वेळ लागतो." कशाला वेळ लागतो ते लिहिलं नव्हतं. लेक काही बोलेना, पण तिच्या तोंडावरून काहीतरी शिजतंय हे दिसत होतं.

दिवाळे कोळीवाडा खाडीच्या काठावर आहे, किल्ले गावठाणाजवळ. बाजारात ताज्या मासळीच्या पाट्या, बर्फाचं पाणी, मांजरं. आमचं घर असं की चातुर्मासात कांदा-लसूणही उंबऱ्याच्या बाहेर. दादानं रुमाल नाकाला लावला. लेक सरळ सुक्या मासळीच्या ओळीत शिरली आणि एका साठीच्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. बाईनं वर पाहिलं, पाटी बाजूला सारली आणि तिला जवळ घेतलं.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू तिची पोर ना गो? नाक तिचाच हाय."

हळूहळू उलगडत गेलं. नव्वदच्या दशकात फोनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. या बाई अर्ज घेऊन काउंटरवर आल्या, अर्ज चुकीचा भरलेला, रांगेतले लोक मागून ढकलताहेत. आईनं जेवणाच्या सुट्टीत बसून तो नव्यानं भरून दिला. फोन लागला त्या दिवशी त्यांच्या घरात पहिली घंटी वाजली ती आईचीच. निवृत्तीनंतर आई त्यांना भेटायला आली आणि येत राहिली. आणि इथं, या बाईंच्या ओट्यावर बसून, आमची आई तव्यावर भाजलेला जवळा आणि तांदळाची भाकरी खायची.

दादाच्या हातातला रुमाल खाली आला. "आई? जवळा? अहो, ती चातुर्मास पाळायची!"

"मंग? चातुर्मासान नाय यायची ना ती."

यावर दादाकडं उत्तर नव्हतं. बाईंनी आम्हाला सोडलं नाही. घर मागंच होतं. सुनेनं तवा ठेवला. जवळा कोरडाच परतला, करकरीत होईपर्यंत, मग कांदा, हिरवी मिरची, आमसूल. भाकरी इतकी पातळ आणि पांढरी, की हातात घेतली तर बोटं दिसतील. लेक जेवायला बसली. मी एक घास खाल्ला आणि मग मोजले नाहीत. दादानं भाकरी आणि लोणचं खाल्लं. निघताना त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला. तो सहसा कुणाला करत नाही.

बेलापूरहून उरणची गाडी धरली. गाडीत दादाचं जुनं दुखणं वर आलं. बाबांना एकदा घरात चक्कर आली तेव्हा आई तुर्भ्याला भाजीबाजार बघत फिरत होती. मोबाइल होता, पण बंद. शेजाऱ्यांनी बाबांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळी आई आली ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन. बाबा त्यातून बरे झाले, नंतर तीन वर्षं होते. पण दादानं त्या दिवसाबद्दल आईला कधी माफ केलं नाही. "आयुष्यभर लोकांचे फोन जोडले आणि स्वतःचा बंद?" मी म्हटलं, म्हणूनच. ती म्हणायचीच, आता मला कुणी जोडू नका. दादा म्हणाला, ते म्हणायला छान आहे. तेही खरंच होतं. आम्ही दोघं बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. त्या प्रसंगानंतर आई फोन चालू ठेवायची. उचलायची मात्र तिच्या सोयीनं.

बाहेर खारफुटी आणि टॉवर, पुन्हा खारफुटी. उलव्याच्या बाजूला विमान उतरताना दिसलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं आणि डिसेंबरात विमानं उडायला लागली. आईचं ते राहिलं. रेल्वेचं मात्र राहिलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही गाडी खारकोपरपर्यंत सुरू झाली तेव्हाचा वहीतला शेरा: "खारकोपर. पुढं कधी?" उरणपर्यंतचा पुढचा मार्ग १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. त्याच दिवशी अटल सेतू झाला, आपलं दिघा स्टेशनही झालं. टीव्हीवर सगळीकडं सेतू चालू होता आणि आई वैतागून विचारत होती, अरे उरणचं वेळापत्रक सांगा की कुणीतरी! त्याच आठवड्यात एकोणऐंशीव्या वर्षात असलेली आई नातीला घेऊन शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी करत उरणला उतरली. शेरा एकाच शब्दाचा: "आले."

उरणचं एवढं काय? तर बोर्डावरची 'उरण'. रोज बोलणं, एकमेकींच्या सर्दीपडशासकट सगळं माहीत, आणि कधी भेट नाही. निवृत्त झाल्यावर आई पहिल्यांदा भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला उतरली ती तिलाच शोधायला. भेटल्यावर म्हणे दोघींना समोरासमोर बोलायला सुचेना. एकीनं खिडकीकडं तोंड केलं आणि मग बोलणं सुरू झालं.

आम्ही पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो तर कुलूप. शेजारी म्हणाले, मुलाकडं पेणला गेल्यात. पिरवाडीच्या किनाऱ्यावर बसून लेकीनं त्यांना फोन लावला. आईची बातमी वर्षापूर्वी त्यांना तिनंच कळवली होती. फोन स्पीकरवर ठेवला आणि माझ्या हातात दिला. मला काय बोलावं कळेना. शेवटी म्हटलं, "मावशी, मी ठाण्याहून बोलतेय."

पलीकडून क्षणभर काही नाही. मग एकदम स्वच्छ, कामावरचा आवाज आला.

"बोला, ठाणे."

पुढची दहा-पंधरा मिनिटं त्याच बोलल्या. आई बोर्डावर असताना दोन कॉलच्या मध्ये नाट्यगीतं गुणगुणायची आणि एकदा लाइन उघडी राहून कुणा व्यापाऱ्याला ते ऐकू गेलं. त्यानं तक्रार केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी कॉल बुक करताना 'कालच्याच बाई द्या' म्हणाला. आईनं त्याला ऑर्डिनरीत टाकून चार तास बसवून ठेवलं.

चौथा दिवस: येऊर, आणि दादाची गाडी

येऊरला बसनं गेलो. राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग. काटेसावर फुलली होती, पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांवर मैनांचा कल्लोळ. वहीतला शेरा: "बंगले वाढले. माकडं जास्त शिस्तीची." दोन्ही बरोबर. तासाभरात परतलो, कारण दादाची संध्याकाळची पंचवटी होती.

स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा लक्षात आलं की त्याची बॅग फुगलीय. दिवाळ्याच्या बाईंनी निघताना जवळ्याची पिशवी त्याच्या हातात कोंबली होती आणि त्यानं ती परत केली नव्हती. वर्तमानपत्राचे चार थर, त्यावर प्लास्टिक, त्यावर टॉवेल. मी म्हटलं, वहिनी काय म्हणेल? तो म्हणाला, बघू.

रात्री इगतपुरीहून त्याचा फोन आला.

"अगं, वास येतोय. सगळ्या डब्यात."

"मग?"

"मग काय, समोरच्या बाई विचारतायत कुठून घेतला. त्यांना नेमकं ठिकाण पाहिजे. पोरीला फोन दे."

लेकीनं फोन घेतला. "मामा, लिहून घ्या म्हणावं. बेलापूरला उतरायचं, बाहेरून रिक्षा. सकाळी जायचं. दुपारनंतर चांगला जवळा राहत नाही."